सरूबाईच्या वाट्याची वेचणी

११ ऑक्टोबर
पिंपळटेक, ता. नांदगाव

संजनास, तात्यांकडून.

फोन लागतो, पण तू उचलत नाहीस. योगेश म्हणाला, "सारखा लावू नका तात्या, तिला त्रास होतो." म्हणून कागद घेतला. योगेश रोज मनमाडला रेल्वेत कामावर जातोच, तो पेटीत टाकेल.

आरोहीचा शाळेचा दाखला सोबत ठेवला आहे. तिकडे माहेरी, विंचूरच्या शाळेत तिचं नाव घालते आहेस, हे मला मास्तरांकडून कळलं. आपल्याला ठाऊकच आहे अशी मान हलवून मी दाखला घेतला.

सरूबाई नाशिकच्या दवाखान्यातून घरी आली. उठते, बसते, अंगणात येते. हात मात्र थरथरतात. भाकरी तिची सून थापते. परवा रस्त्यात मला थांबवून म्हणाली, "तात्या, संजना कवा येणार हाय? तिला सांगा, मी काय तिच्यावर डूख धरून नाय." मी हो म्हटलं आणि पुढे निघालो.

दवाखान्याचं सगळं मी पाहिलं, हे तुला माहीत आहे. गावात लोक म्हणतात, सुनेनं केलं ते सासऱ्यानं निस्तरलं, तात्यांचं मन मोठं. असं कोणी म्हणालं की मी पाऊसपाण्याचं काढतो.

तू बायकांना घेऊन जे सुरू केलं होतंस ते आता बंद आहे. कपाशीतले सापळे नुसते लटकतात, पतंगाला ओढणारा आतला वास संपला असावा, पतंग येत नाहीत. अळी आत शिरून मिटलेल्या डोमकळ्या तोडायला कोणी जात नाही. निंबोळ्यांची पोती पडवीत आहेत. परवा पारावर कारभारी म्हणाला, "अळीला औषधच लागतं. बायकांच्या काढ्यानं अळी मरत नाय, माणूस मरतंय." सगळे हसले. मी हसलो नाही. पण उठूनही गेलो नाही.

आपल्या प्लॉटात पांढरी माशी लय झाली आहे. पानं चिकट झाली, वर काळं धरलं. ज्यांनी पहिल्यापासून फवारे मारले त्यांच्याकडे होते तशीच. "तुमचा प्लॉट तर बिनविषारी ना तात्या, मग तुमच्याकडं कशी?" असं लोक विचारतात. मी हवामानावर घालतो.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. शेतात काम करणाऱ्याला असं कधी होतं. तुझ्या निंबोळी अर्कानंच झालं, असं कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

दिवाळीला ये. तुझी सासू वाट बघते.

तात्या


६ नोव्हेंबर

संजना,

फराळाचा डबा जसा पाठवला तसाच परत आला. झाकणाची दोरीही सोडली नव्हती. तुझ्या सासूनं तो उचलून फळीवर ठेवला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. का बोलली नाही ते मला कळलं, ते पुढे सांगेन.

काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाल्या, "बहिरूभाऊ, पोरगी जेवत नाय हो. सारखी एकच विचारती, आये, मी ते पिंप नीट धुतलं होतं का गं? आरोहीला जवळ घेत नाय, म्हणती माझ्या हातांना लागलंय. तुम्ही मोठे आहात, तुम्ही तिला दोन शब्द सांगा."

विहीणबाईंना मी बघतो म्हणालो. फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन बसलो.

पिंपाचं सांगतो. तुझ्या अर्काचं ते निळं पिंप मीच बाजारातून आणलं होतं. कोरं होतं. त्यात पाण्याशिवाय आणि निंबोळीशिवाय कधीच काही पडलं नाही. तू ते धुतलं असतंस काय, नसतंस काय, काही बिघडत नव्हतं. तुझ्या हातांना काही लागलेलं नाही. हे मी खात्रीनं सांगतो आहे.

कशावरून, असं तू विचारशील.

आज एवढंच लिहवतं. योगेश निघाला आहे, पाकीट बंद करतो.

तात्या


१२ नोव्हेंबर

संजना,

मागच्या पत्रात योगेश निघाल्याचं लिहिलं, ते खोटं होतं. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. मला पुढचं लिहायचं नव्हतं.

फवारा मी मारला होता.

तू आरोहीला घेऊन नांदगावला प्रशिक्षणाला गेली होतीस, त्या दिवशी. आभाळ भरून होतं. मी मनमाडच्या बाजारात गेलो होतो, तिथं चहाच्या टपरीवर आपल्याच गावची मंडळी होती. दत्तू म्हणाला, "तात्या आता सुनेला विचारून शेती करतात. सून म्हणाली पंप टांगा, तात्यांनी टांगला." पुंजाराम म्हणाला, "अळी काय सापळ्यात बसून भजन करणार हाय का?" हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. पण मी चाळीस वर्षं कपाशी केली, आणि गावच्या बायका आता मला ओलांडून तुला विचारतात की तात्यांच्या शेतात आज काय करायचं. ते मला आत कुठेतरी बोचत होतं. तुझ्यापुढे मी कधी दाखवलं नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, आमची सून हुशार.

औषधाच्या दुकानात गेलो. नुसतं विचारायला, असं स्वतःला सांगत गेलो. तो म्हणाला, दोन औषधं एकत्र मारा, एकाच हाताला अळी साफ, कोणाला कळणारही नाही. 'कोणाला कळणारही नाही' हे त्याला मी सांगितलेलं नव्हतं. माझं तोंड बघूनच तो बोलला असावा.

त्याच दिवशी दुपारनंतर मी मारला. तोंडाला फडकं बांधून सगळा प्लॉट. वास येऊ नये म्हणून विहिरीवर अंघोळ केली, रिकाम्या बाटल्या खड्ड्यात पुरल्या. कपडे पिळून दोरीवर टाकले. तू दिवे लागल्यावर आलीस, आणि प्रशिक्षणात ऐकलेलं सांगत बसलीस. फवारा नसला की ढालकिडे, कोळी कसे आपल्या बाजूनं राबतात, पानामागची पांढरी माशी कशी खातात. तुझ्या डोळ्यांत असा आनंद होता, आणि मी भाकरी मोडत हं हं करत होतो. तुझे राबणारे किडे तेव्हा शेतात मरून पडलेले होते.

सकाळी बायका डोमकळ्या तोडायला आल्या. ठरलेला दिवस होता, मी विसरलो होतो. नाही, विसरलो नव्हतो. मला वाटलं होतं, उन्हं वर येईपर्यंत येणार नाहीत, तोवर काहीतरी सांगून परत पाठवू. त्या दव असतानाच आल्या. पानं ओली होती. सरूबाई पहिल्या ओळीत. तिनं तोडलेल्या डोमकळ्या ओटीत भरल्या, लुगडं पोटाशी भिजलं. मग बांधावर बसून तिनं तशाच हातांनी भाकरी खाल्ली. का खाणार नाही? तूच त्यांना सांगितलं होतंस, या शेतात विष नाही.

नांदगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "शेतात काय फवारलं होतं?" तू म्हणालीस, "काहीच नाही. आमच्या प्लॉटात औषध जात नाही, फक्त निंबोळी अर्क." ते सरूबाईच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होते, तोंडाला फेस होता तिच्या, आणि पुन्हा तुलाच विचारत होते, "नक्की?" तू दर वेळी म्हणालीस, "नक्की." मी तुझ्या मागे उभा होतो. मी बाहेर गेलो. चहा घेतला. अर्धा प्यायलो आणि टाकला. परत आलो तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता. तेव्हा कुठे मी डॉक्टरांना बाजूला घेऊन बाटल्यांची नावं सांगितली. त्यांनी विचारलं, "कुठे मारलं होतं?" मी म्हणालो, "शेजारच्या शेतात. वाऱ्यानं आलं असेल." त्यांनी ताबडतोब इंजेक्शनं सुरू केली आणि गाडी करून नाशिकला धाडलं. आधी सांगितलं असतं तर तिचे हात राहिले असते की काय, हे मी कोणाला विचारलं नाही.

शेजारचं शेत कारभारीचं. त्यानं शपथ घेतली, त्या आठवड्यात पंप हातात घेतलाच नाही. खरंच होतं ते. मग उरलं तुझं पिंप. गावानं पिंप धरलं, योगेशनं तुझ्यावर आवाज चढवला, आणि मी दाराच्या चौकटीला धरून ऐकत उभा राहिलो. मला वाटलं होतं, चार दिवसांत निवळेल. तू सामान बांधलंस तेव्हाही तसंच वाटलं.

तुझ्या सासूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फराळाचा डबा परत आला त्या रात्री तिनं तोंड उघडलं. "दोरीवरचे कपडे म्या परत धुतले. तुमाला काय वाटलं, वास विहिरीत राहतो?" मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुमी बोलाल म्हणून."

हे पत्र कोणालाही दाखव. आईला, भावाला. मला चालेल असं नाही, पण दाखव.

तात्या


२६ नोव्हेंबर

संजना,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "मला सांगून काय उपयोग, सरूबाईला सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. तुला लिहिल्यावर मला हलकं वाटलं होतं, दोन दिवस झोपही लागली. तुझं कार्ड आलं आणि मला कळलं, मी सगळ्यांत लांबच्या माणसाला सांगून मोकळा झालो होतो.

काल भीमनगरात गेलो. सरूबाई अंगणात खाटेवर उन्हाला बसली होती. "या तात्या. संजनाचा काय निरोप?" मी उभ्याउभ्याच सांगितलं. आडवळणानं, अडखळत नाही. सरळ सांगितलं, कारण मध्ये थांबलो असतो तर परत फिरलो असतो. तिची सून चुलीपुढून उठून दारात आली. सरूबाईनं तिला हातानंच थांबवलं.

"बसा," म्हणाली.

मी खाली बसलो.

"त्या सकाळी तुमी इहिरीवर व्हते."

"हो."

"म्या तुमाला हात केला व्हता."

हे मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तिनं ओळीतून वर बघून मला हात केला होता, रोजच्यासारखा.

"हो," मी म्हणालो.

"तुमी बी केला."

"हो."

"हात वर झाला, मंग तोंड का नाय उघडलं?"

संजना, याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. तेव्हा ओरडलो असतो, "बायांनो, बाहेर या," तर झालंच काय असतं? तू रागावली असतीस. टपरीवरचे हसले असते. एवढंच. तेवढ्यासाठी मी हात हलवला आणि बादली ओढत राहिलो. मी तिला म्हणालो, "लाज वाटली." ती म्हणाली, "कोनाची?" मी म्हणालो, "सुनेची." तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मग म्हणाली, "बाई गड्याला लाजती हे ऐकलं व्हतं. गडी सुनेला लाजला आन् माझे हात गेले."

मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. "ते नको. वेचणी चालू झाली. माझ्या टोळीत एक बाई कमी पडती. तुमी या."

मला चेष्टा वाटली. म्हणालो, "सरूबाई, मी दुसरी बाई लावून देतो. मजुरी—"

"दुसरी बाई तिची मजुरी घेईल. मला माझी पायजे. माझ्या जागी तुमी वेचा, लोकाच्या वावरात, आमच्या बायांसंगं. मजुरी माझ्या घरी येईल. आन् गावाला बी तुमीच सांगा. पोरीचं नाव गावानं घेतलंय, मंग गावासमोरच फिटलं पायजे."

"माफ करशील?" मी विचारलं.

"ते मंग बघू," म्हणाली. "आधी कापूस."

तात्या


२१ डिसेंबर

संजना,

गावाला सांगितलं. ग्रामसभा होती, पाण्याच्या टाकीचा विषय चालला होता. मी उठून म्हणालो, टाकीच्या आधी माझं ऐका. सगळं सांगितलं, शेजारच्या शेताचंही. कारभारी ताडकन उठला. "माझ्यावर ढकललंत तात्या? माझ्या पोरांना शाळेत पोरं इचारत व्हती, तुझ्या बापानं सरूबाईला मारलं का म्हणून!" ते मला माहीतच नव्हतं. तुझ्याविरुद्ध तो एवढा का बोलत होता, हे मला त्या क्षणी कळलं. त्याला कोणाच्या तरी अंगावर ते घालायचं होतं. मी त्याला हात जोडले. त्यानं तोंड फिरवलं, अजून बोलत नाही.

मला वाटलं होतं, लोक मला फाडून खातील. तसं झालं नाही. कोणीतरी एवढंच म्हणालं, "चला, टाकीचं बोला." ते जास्त लागलं.

पण नंतर एक झालं. दत्तू घरी आला. चहा घेतला, इकडतिकडचं बोलला, आणि जाताना चपला घालता घालता म्हणाला, "तात्या, म्या बी मारला व्हता. फवारायचं नाय ह्या संजनाच्या ठरावानंतर. पोरीला कळू दिलं नाय." दुसऱ्या दिवशी पुंजाराम बांधावर भेटला. त्यानंही. त्याच्या बायकोनं तुझ्या सांगण्यावरून सापळे लावले होते आणि ती माहेरी गेल्यावर यानं रात्री पाणी भरायला गेल्यावर फवारून घेतलं. म्हणजे पोरी, तू सगळ्यांना सांगायचीस की एकट्याच्या शेतानं काही होत नाही, पतंगाला बांध कळत नाही, गावानं मिळून करायचं. बायकांनी मिळून केलं. आम्ही मिळून मोडलं, प्रत्येक जण एकटाच आहे असं समजून. तुझी पद्धत फसली असं लोक म्हणतात. ती होऊच दिली नाही. मी दोघांना म्हणालो, चला, सभेत सांगा. दत्तू म्हणाला, "तुमचं उघडं पडलं तात्या. आमचं कशाला पाडता?"

वेचणीला जातो. पहिल्या दिवशी बायकांना काय करावं कळेना. मी आलो की बोलणं बंद. कमरेला ओटी बांधायला मला येईना, सरूबाईच्या सुनेनं गाठ मारून दिली, एक अक्षर न बोलता. बोंडाची वाळलेली टोकं नखात घुसतात. माझ्या घरी इतकी वर्षं कापूस येत होता, आणि ती टोकं टोचतात हे मला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांत मागे माझीच ओळ राहते. आता टोळीतली नवसाबाई स्वतःची ओळ संपली की माझ्या ओळीच्या शेंड्यापासून उलटी वेचत येते. म्हणते, "तात्या, सरूबाईचा कापूस काट्यावर कमी भरला तर ती आमाला इचारील."

आपल्या प्लॉटातही गेलो, त्याच टोळीबरोबर. माशीच्या चिकट्यानं कापूस बोटांना चिकटतो, काळपट निघतो. नवसाबाईनं हातातलं बोंड मला दाखवलं. "हे तुमच्या त्या दवाईचं का?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "बरं झालं संजना नाय बघायला." आणि मग तिलाच वाईट वाटलं.

योगेश माझ्याशी बोलत नाही. ग्रामसभेतून घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "मी तिला नको ते बोललो, तात्या. आणि तुम्ही तिथंच उभे होता." तो तुझ्याकडे येऊन गेला, तू त्याला ओसरीवर बसवून पाणी दिलंस आणि आत गेलीस, असं सासूला सांगत होता. माझ्यासाठी त्याच्यावर राग धरू नकोस, असं लिहिणार होतो. पण तो त्याच्या तोंडानं बोलला होता. तुमचं तुम्ही बघा.

तुझी आई फोनवर म्हणाली, आरोही आता तुझ्या कुशीत झोपते.

तात्या


१८ जानेवारी

संजना,

थोडक्यात लिहितो. कपाशीची पऱ्हाटी उपटली. झाडावर अजून बोंडं होती, पाणी दिलं असतं तर फरदडीचा वाढीव कापूस निघाला असता. तू ओरडून सांगायचीस की उभ्या पऱ्हाटीत अळी पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम करते. दर वर्षी मी हो म्हणायचो आणि पाणी द्यायचो. या वर्षी झाडं उपटायचा चिमटा लावून एक एक झाड काढलं. किडलेली बोंडं वेचून जाळली. दत्तूनं बांधावरून बघितलं. आठ दिवसांनी त्याचंही रान मोकळं दिसलं. मी त्याला काही विचारलं नाही.

सरूबाईचा उजवा हात थोडा सुधारला. कप धरता येतो. डावा नाही.

तात्या


३ जून

संजना,

तू काल गावात येऊन गेलीस. आपण एकमेकांसमोर होतो, तरी लिहितो आहे. तुझ्यासमोर मला एवढं बोलता आलं नसतं.

सरूबाईनं तुला बोलावलं, तेही मला न सांगता, हे योग्यच केलं. तू एसटीतून उतरलीस आणि सरळ भीमनगरात गेलीस. तुझ्या सासूनं पुरणाचा स्वयंपाक केला होता. तू येणार नाहीस हे तिला ठाऊक होतं, तरी केला. आरोही मात्र धावत आली आणि आजीच्या गळ्यात पडली. माझ्याजवळ आल्यावर थांबली. "आजोबा, तुम्ही सरूआजीला सॉरी म्हणालात का?" मी म्हणालो, "म्हणालो." "ती काय म्हणाली?" "ती म्हणाली, मग बघू." तिला ते पुरेसं वाटलं असावं. माझ्या हातातला गूळ घेतला.

शाळेच्या पटांगणातल्या सभेत मी मुद्दाम मागे बसलो. तू वाळली आहेस. पण आवाज तोच. सगळ्यांनी पेरणी एकाच सुमारास करायची, सापळे बांधाबांधावर, डोमकळ्या दर आठवड्याला, आणि पहिले दोन महिने कडक औषध कोणीच मारायचं नाही, हे तू सांगितलंस. मग विचारलंस, "गेल्या साली ठरलं होतं तेव्हाही सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. कोणी कोणी मोडलं?"

मी हात वर केला. मला तो करावाच लागणार होता. पण माझ्या पुढच्या ओळीत पुंजारामचा हात वर गेला, तेव्हा त्याची बायको त्याच्याकडे वळून बघतच राहिली. मग दत्तू. मग ज्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं असेही. तू ते हात बघितलेस आणि पदर तोंडाला लावून खाली बसलीस. कितीतरी दिवस तू एका पिंपाचा विचार करत बसली होतीस.

तेव्हा सरूबाई उठली. "हातांचं बघितलं. आता पंपांचं बोला. समद्यांचे पंप धुऊन माझ्या पडवीत ठेवा. ज्याला फवारायचं आसंल त्यानं मला येऊन सांगावं, काय मारतो, कुठं मारतो. मंग त्या वावरात बाया जाणार नाय. लपून मारायचं बंद."

पुरुषमंडळीत कुजबुज झाली. भीमनगरात पंप ठेवायचे, आणि बाईला विचारायचं. कोणी हलेना. उठला तो कारभारी. तू नसताना तुझ्यावर सगळ्यांत जास्त बोललेला. तो म्हणाला, "माझ्यावर फुकट आळ आला व्हता. परत नको. माझा पंप न्या." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पर आधी तात्याचा."

मी घरी जाऊन आणला. सरूबाईच्या पडवीत ठेवताना तिची सून म्हणाली, "तिकडं कोपऱ्यात." हिवाळ्यात ओटीची गाठ मारून दिल्यापासून ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

तू माझ्याशी एकदाच बोललीस. कागदावर नावं लिहून घेताना. "तात्या, तुमच्या आणि कारभारीभाऊंच्या बांधावरचे सापळे तुमच्याकडे. दर आठवड्याला पतंग मोजून सरूबाईला सांगायचे." मी हो म्हणालो. तू पुढचं नाव विचारलंस.

संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. योगेश थांब्यापर्यंत आला होता, तुम्ही दोघं बाकावर बसून बोलत होता, ते मी लांबून पाहिलं आणि दुसऱ्या रस्त्यानं घरी आलो. परत ये, असं मी या पत्रात लिहीत नाही. ते योगेशनं म्हणायचं आहे. नांदगावला खोली घेऊन तू बायकांच्या गटाचं काम करणार आहेस, असं सरूबाई म्हणाली. तेही चांगलंच आहे.

एक विचारायचं राहिलं. सापळ्यातली ती वासाची गोळी बदलताना तंबाखूचा हात लागला तर तिचा वास बिघडतो, असं तू काल सांगितलंस. मी तंबाखू सोडली असं इथं लिहिणार होतो. सोडलेली नाही. मग ती गोळी कशानं धरू, चिमट्यानं की चिंधीनं? मला फोन करू नकोस. सरूबाईला सांग, ती मला सांगेल.

तात्या